म्हातारबाचा प्रश्न

कारखान्यातली सगळ्यात निरुपयोगी वस्तू कोणती, असं भिंगरीला कुणी विचारलं असतं तर तिने डोळे मिटून म्हातारबाकडे बोट दाखवलं असतं. म्हातारबा म्हणजे माणूस नव्हे बरं का. विणकामाच्या कारखान्यातल्या मागच्या खोलीत, जाड लोकरीच्या मशीनला जोडलेला तो जुना कॉम्प्युटर. अंग पिवळं पडलेलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, चित्र नाही, माऊस नाही. सुरू व्हायला चार मिनिटं घ्यायचा आणि तेवढ्या वेळात कुरकुर अशी करायचा की जणू कुणी त्याला झोपेतून उठवून कामाला जुंपलंय.

भिंगरीचं काम पुढच्या खोलीत. वय बावीस, एका जागी पाच मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. पुढच्या खोलीत नवं मशीन होतं. टॅब्लेटवर बोटाने नक्षी काढायची, बोटानेच रंग भरायचे, चुकलं तर एक पाऊल मागे जायचं, की पलीकडे पातळ स्वेटर विणून तयार. ते सगळं शिकायला तिला एक दुपार पुरली होती, आणि त्यातही मध्ये चहा झाला होता. त्यामुळे तिचं मत पक्कं झालं होतं: जे यंत्र पाच मिनिटांत कळत नाही, ते बनवणाऱ्यालाच कळलेलं नाही. बरं, तिला तरी किती दोष द्यायचा? कळायला लागल्यापासून हातात आलेली प्रत्येक वस्तू तिच्या मनासारखी वागत आली होती. ती मुळात लाडावलेली पोर नव्हती, तिच्या यंत्रांनीच तिला लाडावून ठेवलं होतं.

म्हातारबाला चालवायची तिची सख्खी मावशी. सव्वीस वर्षं. भिंगरीला ह्या कारखान्यात चिकटवलं तेही मावशीनेच, पण म्हणून भाचीने चेष्टा सोडली होती असं नाही. "मावशी, तुझ्या म्हातारबाला जाग आली का गं?" हे रोज सकाळचं. मावशी नुसती हसायची. तिच्यासमोर भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला असे, त्यावर तिच्याच अक्षरात अकरा पायऱ्या लिहिलेल्या. पहिली, बटण दाबा. दुसरी, थांबा. अशा अकरा. सव्वीस वर्षांत मावशीने त्या पुठ्ठ्याबाहेरची एक कळ दाबली नव्हती. बाहेरची कळ दाबली तर काय होईल, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "ते मला बघायचं नाही."

मग बुधवारी मावशी जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली.

वेळही अशी की वैऱ्यावर येऊ नये. बंदरातल्या होडीचालकांच्या संघाला जाड लोकरीचे स्वेटर हवे होते, छातीवर दीपगृह विणलेले. नमुना शनिवारी दुपारी बारापर्यंत पाहिजे. नव्या मशीनच्या सुया बारीक, जाड लोकर घातली की तुटायच्या. म्हणजे नमुना निघणार तो म्हातारबाकडूनच. मालकांनी भिंगरीला बोलावलं आणि एका दमात सांगून टाकलं, "हे बघ, ती मागची खोली मी ह्या एका कामापायी ठेवली आहे. नमुना वेळेवर गेला तर ठीक. नाही गेला तर शनिवारीच भंगारवाल्याला बोलावतो. मग मावशींनाही घरी बसावं लागेल, माझा नाइलाज आहे."

मालक वाईट माणूस नव्हता. म्हणूनच तो बोलला ते खरं होतं हे भिंगरीला कळलं. मावशीला घरी बसवायचं म्हणजे काय, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मावशी एकटी राहायची. सकाळी आठला डबा भरून निघणं हीच तिची अर्धी तब्येत होती.

"मी करते," भिंगरी म्हणाली. "त्यात काय एवढं."

गुरुवारी सकाळी ती म्हातारबासमोर बसली. चार मिनिटं कुरकुर झाली, अक्षरं उमटली, आणि बाईसाहेबांनी पहिली गोष्ट काय केली, तर पडद्यावर बोट टेकवलं. काही झालं नाही. काचेवर ठसा तेवढा उमटला. इकडेतिकडे बघून तिने तो ओढणीने पुसला.

मग पुठ्ठा वाचत वाचत तिने कामाला सुरुवात केली. इथे नक्षी काढायची म्हणजे एकेक टाका अक्षराने लिहायचा. पांढऱ्याला एक अक्षर, निळ्याला दुसरं. एका ओळीत एकशेवीस टाके, आणि दीपगृहाला नव्वद ओळी. चुकलं तर मागे जाणं नाही, बाणाच्या कळीने टुकूटुकू त्या टाक्यापर्यंत चालत जायचं. पहिला तास ती मनातल्या मनात म्हातारबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तिसऱ्या तासाला मान आखडली. पाचव्या तासाला मात्र पडद्यावर अक्षरांतून एक दीपगृह उभं राहिलं, वर दिवा, दोन्ही बाजूंना किरण. तिला स्वतःलाच गंमत वाटली.

आता आली नववी पायरी: फ्लॉपीवर, म्हणजे म्हातारबाच्या पोटातल्या चौकोनी तबकडीवर, साठवा. भिंगरीच्या आयुष्यात असली पायरीच नव्हती. तिचं सगळं आपोआप साठायचं, कुठे साठतं हेही तिला ठाऊक नव्हतं. तिने कळ दाबली. पडद्यावर एक वाक्य आलं, खाली हो की नाही.

आता असली वाक्यं तिने रोज पन्नास पाहिलेली. फोनवर चौकट येते, आपण 'हो' दाबतो, चौकट जाते. त्या चौकटीत काय लिहिलंय हे वाचणारं माणूस भिंगरीच्या ओळखीत एकही नव्हतं. तिने 'हो'ची कळ दाबली.

म्हातारबा अर्धा मिनिट घरघरला. मग पडद्यावर आलं, फ्लॉपी रिकामी. साठवायचं असल्यास कळ पुन्हा दाबा.

भिंगरी पडद्याकडे वाकली. आधीचं वाक्य अजून वरच्या कोपऱ्यात होतं. तिने ते आता वाचलं. फ्लॉपीवर जागा नाही. आधीचं सगळं पुसून टाकू का?

त्याने विचारलं होतं. स्वच्छ शब्दांत विचारलं होतं. आणि तिने हो म्हटलं होतं.

त्या फ्लॉपीवर मावशीची सव्वीस वर्षं होती. एक्केचाळीस मापं, आणि थोड्या जुन्या नक्ष्या. बाही कुठे आवळायची, काखेत किती टाके सोडायचे, गळा किती खोल घ्यायचा, सगळं त्या मापांत. दीपगृह नुसती नक्षी झाली. अंगच नसेल तर ती विणायची कशावर? आणि दुसरी प्रत म्हणाल, तर तीन वर्षांपूर्वी ती ओल लागून खराब झाली होती. नवी करून ठेवणं पुठ्ठ्यावर नव्हतं, म्हणून मावशीने ती केली नव्हती.

भिंगरीने फोनला विचारलं. फोनने तिला नवा कॉम्प्युटर घ्यायचा सल्ला दिला, वर तीन दुकानांचे पत्तेही दिले. पुढच्या खोलीतल्या मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, "त्याला बंद करून चालू कर." तिचा हात बटणापर्यंत गेलाही होता. पण अर्ध्या तासापूर्वी न वाचता एक कळ दाबून काय झालं ते डोळ्यांसमोर होतं. बटणाला हात लावायचा तिला धीर झाला नाही.

पडदा डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून मावशीने त्याच्याखाली एक जाडजूड पुस्तक ठेवलं होतं. भिंगरीने आज पहिल्यांदा त्याच्या पाठीवरचं नाव वाचलं. म्हातारबाचंच पुस्तक होतं ते, कारखान्यात आला तेव्हा सोबत आलेलं. एका हाताने पडदा उचलून धरून दुसऱ्या हाताने तिने ते ओढून काढलं, आणि स्टुलावर बसून वाचायला लागली. साडेसहाशे पानं. तिने आयुष्यात कुठल्याही यंत्राचं एक पान वाचलं नव्हतं. भाषा कोर्टाच्या कागदासारखी रूक्ष, पण एक होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. म्हातारबाला काय येतं, काय येत नाही, काय केलं की तो काय करतो, सगळं ओळीने लिहिलेलं. कारखाना सुटायच्या सुमाराला ती तीनशे बाराव्या पानावर आली आणि तिथेच थबकली.

तिथे लिहिलं होतं की पुसलं म्हणजे गेलं असं नाही. म्हातारबा पुसतो तेव्हा मजकूर तसाच ठेवतो, फक्त नावाचं पहिलं अक्षर खोडतो, म्हणजे ती जागा नव्या मजकुराला मोकळी. एक शब्द टाइप केला तर तो प्रत्येक नाव दाखवतो आणि पहिलं अक्षर विचारतो. सांगितलं की मजकूर परत. अट एकच होती, मध्ये त्या फ्लॉपीवर काहीही लिहायचं नाही.

भिंगरीला आनंदाने उडी मारावीशी वाटली, पण लगेच तिला अडचण दिसली. तो शब्द टाइप करायचा तर विणकामाच्या प्रोग्रॅममधून बाहेर पडायला हवं. बाहेर पडलं की न साठवलेलं दीपगृह गेलं. दीपगृह साठवायचं तर फ्लॉपीवर, आणि फ्लॉपीवर लिहिलं की मावशीची मापं कायमची गेली. कोरी फ्लॉपी आख्ख्या शहरात मिळाली नसती, विकणारेच म्हातारे होऊन गेले होते. दोहोंतलं एकच शिल्लक राहणार होतं.

म्हातारबाला तसाच चालू ठेवून ती थेट मावशीच्या घरी गेली. मावशी प्लास्टर मांडीवर ठेवून एका हाताने शेंगा सोलत होती. भिंगरीने चप्पल काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं.

मावशीचा हात शेंगेवरच थांबला. मग म्हणाली, "सगळी?"

"सगळी. त्याने विचारलं होतं, मावशी. मी वाचलंच नाही."

"हं."

"पण परत येतील असं पुस्तकात लिहिलंय. पडद्याखालच्या."

"त्या पुस्तकात?" मावशीने मान वर केली. "मी ते कधी उघडलं नाही. म्हटलं, त्यात अमुक करू नका, तमुक करू नका, असंच असणार."

"नाही गं. उलट आहे. काय काय करता येतं तेच लिहिलंय."

भाचीचे लाल झालेले डोळे मावशीने पाहिले आणि शेंगांची परडी तिच्यापुढे सरकवली. "खा आधी. रडून का कुठे टाके उचलले जातात? सकाळी येते मी. नावं तुला कुठून माहीत असणार."

शुक्रवारी आठला दोघी म्हातारबासमोर. पडद्यावर दीपगृह तसंच उभं होतं, एकशेवीस टाके रुंद, नव्वद ओळी उंच, पाच तासांचं. भिंगरीने एकदा त्याच्याकडे पाहून घेतलं. मावशी म्हणाली, "अगं, पण हे तुझं..."

"माझं काय, पुन्हा होईल," भिंगरी म्हणाली, आणि प्रोग्रॅममधून बाहेर पडली. दीपगृह गेलं. तिने पुस्तकात बघून तो शब्द टाइप केला, एकेक अक्षर ताडून पाहिलं, आणि मगच कळ दाबली.

म्हातारबा घरघरला. पहिलं नाव आलं, पुढचं अक्षर उडालेलं, मागे नुसतं शेपूट. मावशी वाकून बघत म्हणाली, "हा पोस्टमन."

"पोस्टमन?"

"त्याचे हात लांब होते. लांब बाहीचं माप त्याच्यावरूनच घेतलं होतं मी. लिही."

भिंगरीने अक्षर टाकलं. पडद्यावर आलं, मजकूर परत मिळाला. तिने श्वास सोडला तो मावशीच्याही कानावर आला.

मग काय, वरातच निघाली. पोट सुटलेला डॉक्टर, मान आखूड असलेली शाळेतली बाई, एका घरातली उंच थोरली आणि तिचा बुटका धाकटा भाऊ, शेजारची पैलवानीण. सव्वीस वर्षांत मावशीने ज्याच्या ज्याच्या अंगाचं माप घेतलं त्याच्या नावाने ते ठेवलं होतं. कुठलंही अक्षर टाकलं तरी चालेल असं पुस्तक म्हणत होतं, पण मावशीला ते मान्य नव्हतं. "माणसाला अर्ध्या नावाने हाक मारायची नाही," ती म्हणाली. आणि प्रत्येकाबरोबर त्याचं अंग कसं होतं ते सांगत गेली: ह्याचा एक खांदा खाली, हिला गळ्याशी घट्ट काही चालायचं नाही. भिंगरी ऐकत होती. टॅब्लेटवर माप निवडायचं म्हणजे लहान, मध्यम, मोठं एवढंच तिला माहीत होतं. इथे एक्केचाळीस माणसं होती आणि त्यातलं एकही मध्यम नव्हतं.

साडेनऊला एक्केचाळीसच्या एक्केचाळीस परत आली, आणि त्यांच्यामागून जुन्या नक्ष्याही. मावशीने डाव्या हाताने भाचीच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत. "शाबास गं बये."

काम अजून संपलं नव्हतं. फ्लॉपी भरलेली ती भरलेलीच, दीपगृहाला जागा कुठून आणायची? मावशीने नक्ष्यांची यादी डोळ्यांखालून घातली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हा मासा काढ. धाकट्या दिराने हट्टाने करायला लावला होता. मासा कसला, भोपळा दिसायचा. एकही विकला नाही."

भिंगरीने पुसायची कळ दाबली. पडद्यावर प्रश्न आला. ह्या वेळी तिने तो मोठ्याने वाचला, शाळेत धडा वाचतात तसा. "फक्त मासा पुसू का? मावशी, फक्त मासाच म्हणतोय ना हा?"

"फक्त मासाच म्हणतोय."

मग तिने हो म्हटलं.

दुसरं दीपगृह तिने पावणेदोन तासांत उभं केलं. बोटांना वाट पाठ झाली होती, आणि एक ओळ लिहून तिच्या प्रती काढायची कळही तिला पुस्तकात सापडली होती. मावशीने ती कळ सव्वीस वर्षांत पाहिलीच नव्हती. "म्हणजे मी इतकी वर्षं एकेक ओळ..." असं म्हणून तिने कपाळावर हात मारला, चुकून प्लास्टरचा, आणि मग दोघी इतक्या हसल्या की पुढच्या खोलीतला मित्र डोकावून गेला. आणखीही झालं. पहिल्या दीपगृहाचा दिवा जरा डावीकडे कलला होता, हे भिंगरीला दुसऱ्या वेळी दिसलं. ह्या खेपेला दिवा बरोबर मध्यावर बसला.

जाड लोकर शुक्रवारी रात्री उशिरा येऊन पडली, आणि शनिवारी सकाळी मशीनची गाडी सुयांवरून खडखड करत इकडून तिकडे धावायला लागली. जाड निळी लोकर, त्यात पांढरं दीपगृह, ओळीवर ओळ. भिंगरी आणि मावशी दोन बाजूंना उभ्या, आणि मालक मधूनच येऊन घड्याळ बघून जायचे. साडेदहाला पाठ आणि पुढची बाजू उतरली. अकराला बाह्या. पावणेबाराला मावशीने एका हाताने धरून आणि भिंगरीने दोन हातांनी शिवून स्वेटर पुरा केला.

संघाची कप्तान बाराला दहा कमी असताना आली. उंचीपुरी बाई, खांदे दाराएवढे. तिने स्वेटर हातात घेऊन दीपगृह पाहिलं, मान डोलावली. स्वेटर अंगात चढवला. मग तिने खोलीच्या मधोमध उभं राहून वल्ही मारल्यासारखे दोन्ही हात पुढे नेले, मागे ओढले, पुन्हा पुढे. सात-आठ वेळा.

"काखेत ओढत नाही," कप्तान म्हणाली. "पहिल्यांदाच. आतापर्यंतचे सगळे काखेत ओढायचे आणि पाठ उघडी पडायची. हे माप कुणाचं घेतलंत?"

"पैलवानिणीचं," मावशी म्हणाली. "आमच्या शेजारी राहायची. काखेत सहा टाके जास्त."

कप्तान खो खो हसली. "बेचाळीस करा. आणि शेजारच्या बंदरालाही सांगते, त्यांना तीसेक लागतील."

स्वेटर तिने काढलाच नाही, अंगात घालूनच निघाली. मालकांनी तिला दारापर्यंत पोचवलं, खिशातून फोन काढला, आणि भंगारवाल्याला येऊ नका म्हणून सांगितलं. मग आत येऊन घसा साफ केला. "मावशी, सोमवारपासून मागची खोली तुमची आणि हिची. दोघींची. आणि त्या फ्लॉपीची प्रत कशी काढायची ते बघा कुणीतरी."

"पान एकशे आठ," भिंगरी म्हणाली. "बघितलंय मी. फक्त कोरी फ्लॉपी तेवढी शोधून आणा तुम्ही."

मालक गेल्यावर मावशी आपल्या खुर्चीवर बसली. आज काम संपलं होतं, म्हातारबाला बंद करायची वेळ झाली होती, पण तिने बटणाला हात लावला नाही. ती कळांच्या सगळ्यात वरच्या रांगेकडे बघत होती. सव्वीस वर्षांत त्या रांगेतल्या बऱ्याच कळांवरची अक्षरं नव्यासारखी राहिली होती.

"ह्या कळीने काय होतं गं?" तिने विचारलं.

"माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "दाबून बघ."

मावशीने डाव्या हाताचं बोट उचललं, जरा थांबली, आणि दाबलं. म्हातारबा घरघरला. पडद्यावर एक नवा प्रश्न आला, लांबलचक, तीन ओळींचा. भिंगरीने स्टूल ओढून मावशीला खेटून मांडलं, आणि दोघी तो पहिल्या शब्दापासून वाचायला लागल्या.